वरची मूठ

बायडाबाईने तांदूळ जास्त भरला म्हणून कंपनीने नोटीस धाडली. कमी नव्हे, जास्त. हे ऐकून तुम्ही जसे थबकलात, तशीच मोबाइल हातात धरून मंगलही गिरणीच्या दारात थबकली होती.

मंगल ही बायडाबाईची सून. बचत गटाचा मोबाइल तिच्याकडे असायचा, त्यामुळे बऱ्यावाईट बातम्या आधी तिच्याच वाट्याला यायच्या. आत भातगिरणीचा पट्टा फिरत होता, कोंडा उडत होता आणि डोक्याला फडकं गुंडाळून बायडाबाई गटातल्या बायांबरोबर पिशव्या भरत बसली होती.

“आत्या, कंपनीचा मेसेज आलाय. आपल्या पिशव्यांच्या वजनात फरक निघाला म्हणं. आपला विश्वासांक खाली आनलाय.”

बायडाबाईचा हात जागच्या जागी थांबला. तिने शेजारी बसलेल्या सखूबाईकडे डोळे वटारून पाहिलं. सखूबाई म्हणजे गटाची अध्यक्ष, आणि बायडाबाईची लहानपणापासूनची मैत्रीण.

“सखू, कमी भरली काय गं कुनी?”

“कमी न्हाई वो आत्या,” मंगल म्हणाली. “जास्त भरल्यात.”

बाया क्षणभर एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसत सुटल्या की गिरणीचा आवाजही त्यात बुडाला. बायडाबाईही हसली, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पदराने डोळे पुसता पुसता तिने विचारलं, “पर विश्वासांक म्हंजी काय गं?”

मंगलने जमेल तसं सांगितलं. शहरातली माणसं आपल्याला बघत नाहीत, ओळखत नाहीत. मग आपल्यावर किती भरवसा ठेवायचा ते कंपनीचा कॉम्प्युटर त्यांना आकड्यात सांगतो. आपला आकडा आजवर वर होता, आता उतरला.

बायडाबाईचं हसू मावळलं. “म्हंजी म्या पदरचं घातलं, म्हनून माज्यावरचा इश्वास कमी झाला?”

मंगल मेसेज पुन्हा वाचू लागली, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यात काही वेगळं निघणार होतं.

बायडाबाईची उंबरवाडी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, डिंभे धरणाच्या फुगवट्याच्या वर आहे. पावसाळ्यात तिथं ढग दारात येऊन बसतात आणि खाचरांमधून भात उभा राहतो. रायभोग भाताचा वास सुटला की बांधावरून जाणारा माणूस पाय खिळल्यासारखा थांबतो. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई. पिकतं ते थोडं, पण जे पिकतं त्याची चव घाटाखाली कुठं मिळायची नाही, हे बायडाबाईचं मत होतं आणि त्यावर वाद घालायची सोय नव्हती.

या भागात धान्य मापायची एक रीत आहे. पहिलं माप ओतताना कुणी ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतात. दुसऱ्यापासून मोजणी सुरू. आणि माप भरायचं ते काठाशी थांबवायचं नाही. धान्य आपोआप ओघळू लागेल इतकं वर रचायचं. त्या वरच्या शिखराला शीग म्हणतात. शीग मोजण्यात धरत नाहीत, तिचा हिशेब मागत नाहीत, आणि ती लावल्याबद्दल कुणाचे आभारही मानत नाहीत. शीग न लावता तळहाताने माप सपाट करणं म्हणजे पाहुण्याला उंबऱ्याबाहेरच पाणी पाजून वाटेला लावणं. माप लावणाऱ्या बाईचा स्वभाव शिगेवरून कळतो, असं बायडाबाईची आई म्हणायची. आईच्या मापाला शीग लागायची ती अशी, की घेणारी बाई दोन्ही हातांनी पदर पसरून उभी राहायची.

बायडाबाई नवी नवरी असतानाची गोष्ट अजून घोडेगावच्या बाजारात म्हाताऱ्या माणसांना आठवते. तेव्हा डोंगरातले लोक वरई घेऊन खाली उतरायचे आणि तिच्या बदल्यात मीठ, डाळ असं घेऊन वर जायचे. एक दुकानदार होता. वरई घेताना तो शिगोशीग भरून घ्यायचा आणि मीठ देताना तळहाताने माप सपाट करायचा. सगळ्यांना दिसायचं, सगळे मूग गिळून बसायचे. या पोरीने मात्र त्याचं मनगट धरलं. भर बाजारात! “शेट, हात वर घ्या. घेताना शीग, मंग देताना बी शीग,” म्हणाली. मागं उभा असलेला तिचा नवरा सावळेराम लपायला जागा शोधू लागला. स्वभावाने गरीब माणूस, त्याला कुणाशी मोठ्याने बोलता येत नसे. “घ्यायचं तर घे, नाहीतर चालायला लाग,” असं दुकानदार म्हणाला. तिने घेतलेलं मीठ त्याच्याच गोणपाटावर उपडं केलं, वरईचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि चालायला लागली. पुढचा बाजार येईपर्यंत घरात आळणी कालवण शिजलं. सासूने तिला बोलायचं काही बाकी ठेवलं नाही. ही म्हणाली, “आळनी खाऊ, पर त्याच्या हातचं न्हाई खायाचं.” दुकानदाराचं यात काडीचंही बिघडलं नाही, हेही सांगायला हवं. तो पुढे चांगला गबर झाला.

अशा बाईच्या दारात काही वर्षांपूर्वी आदेश नावाचा तरुण आला. अवसरी बुद्रुकच्या बागायतदाराचा मुलगा, शेतकी शिकलेला, ‘शिवारवाट’ नावाच्या कंपनीचा या भागातला माणूस. मोटरसायकलवर मागं इलेक्ट्रॉनिक काटा बांधून तो घाट चढून आला होता. पुण्यातल्या लोकांना आता पॉलिश मारलेला तांदूळ नको झालाय, असं त्याने सांगितलं. त्यांना हवाय डोंगरातला, खताचा मारा नसलेला, कुठून आला ते कळणारा. तुम्ही पिशवीत भरा, आम्ही ॲपवर विकतो. पिशवीवरचा चौकोन मोबाइलने टिपला की गिऱ्हाइकाला तुमचं खाचर दिसेल, गिरणी दिसेल, तुमची तोंडं दिसतील आणि पिशवी कुणी भरली तिचं नावही.

“आमची तोंडं बघून भूक लागंल काय त्यास्नी?” बायडाबाईने विचारलं होतं. पण धंदा पटला. गटाने कर्ज काढून लहानशी गिरणी बसवली. कापडी पिशव्या वाडीतच शिवल्या जाऊ लागल्या. गिऱ्हाइकाने रिकामी पिशवी परत धाडली की ती धुऊन पुन्हा भरायची. कोंडा गुरांना, तूस चुलीला. वाया काही जात नव्हतं. आणि तांदूळ संपला की संपला. बाहेरचा आणून भरायचा नाही, ही बायडाबाईची अट आदेशनेही आनंदाने मान्य केली.

काट्यावर मात्र ती पहिल्याच दिवशी अडली. काट्यावर आकडा बरोब्बर येतो. मग शीग लावायची कुठं? ती बराच वेळ त्या लाल आकड्यांकडे बघत बसली. मग आकडा पुरा झाल्यावर तिने बाजूच्या ढिगातून मूठ भरली, पिशवीत सोडली आणि मगच तोंड शिवलं. तेव्हापासून वाडीतली प्रत्येक बाई वरची मूठ घालू लागली. कुणी कुणाला शिकवलं नाही, सांगितलं नाही.

कंपनीच्या मंचरच्या गोदामात वजनाला माणूस होता तोवर हे खपून गेलं. मग तिथं फिरता पट्टा आला. पिशवी पट्ट्यावरून जाता जाता वजन होतं, आणि आकडा ठरल्यापेक्षा इकडे तिकडे झाला की एक दांडा तिला सरळ बाजूला लोटतो. उंबरवाडीच्या पिशव्या एकामागून एक बाजूला पडू लागल्या. त्यातच पुण्याहून अश्विनी नावाच्या एका गिऱ्हाइकाने ॲपवर लिहिलं: ‘माझं माहेर खोडदचं. या पिशवीत दर वेळी मूठभर तांदूळ जास्त निघतो. आईच्या मापाची आठवण झाली.’ बिचारीने लिहिलं कौतुकाने. पण ॲपला कौतुक आणि तक्रार यांतला भेद कळावा म्हणून आधी एक रकाना निवडावा लागतो, आणि तिने निवडला ‘वजनात फरक’. झालं. कॉम्प्युटरने ती तक्रार म्हणून जमा केली.

यावरही निभावलं असतं. पण पिंपरीचे सोपानराव मध्ये आले.

सोपानराव मूळचे बोरी बुद्रुकचे. आयुष्य गेलं ते भोसरीच्या कारखान्यात, माल तपासण्याच्या खात्यात. निवृत्त झाल्यावर तपासायला माल उरला नाही म्हणून ते घरी येणारी प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवू लागले. त्यांनी आपल्या आणि शेजाऱ्याच्या पिशवीचे फोटो शेजारी शेजारी लावले. दोन्हींत ठरल्यापेक्षा जास्तच तांदूळ होता, पण शेजाऱ्याच्या पिशवीत त्यांच्यापेक्षा जास्त होता. खाली लिहिलं: ‘एकाला जास्त, एकाला कमी. हा कुठला न्याय? आमच्या वाट्याचा तांदूळ कुठे गेला?’

मग लोकांनी घराघरांत काटे काढले. कालपर्यंत ज्यांना आपल्याला काही जास्त मिळतंय हे माहीतही नव्हतं, त्यांना आज ते कमी मिळतंय असं वाटू लागलं. सखूबाईची मूठ लहान, तिच्या पिशव्या ज्यांना गेल्या ते फसवले गेल्यासारखे रागावले. माणसाचं हे असं असतं, त्याला कॉम्प्युटर तरी काय करणार!

नोटिशीनंतर दोनेक दिवसांत आदेश स्वतः वर आला. मुलगा वाईट नव्हता. त्याने गिरणीतल्या पोत्यावर बसून चहा घेतला, सगळ्यांची विचारपूस केली आणि मग मुद्द्यावर आला.

“मावशी, मला शीग कळते. माझी आजीपण लावायची. पण पुण्यातला माणूस तुम्हाला ओळखत नाही. त्याला आकडा खरा वाटतो. आज जास्त भरलं, तर उद्या कमीपण भरतील, असं तो म्हणतो. त्याचा विश्वास सारखेपणावर आहे.”

“आनि माजा?”

“तुमचा काय?”

“माजा त्याच्यावर इश्वास हाय का न्हाई, ते कुनी इचारलं? म्या त्याला बघितलेलं न्हाई, तरी मूठ घालतेच ना?”

आदेशला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. मग त्याने तोड काढली. पिशवीवर वजनच थोडं वाढवून छापू. ती मूठ वजनातच धरू. सगळ्यांना सारखी.

“वजनात धरली की ती मूठ कशी ऱ्हाईल? तो तर मग सौदा झाला,” बायडाबाई म्हणाली. “आनि मला त्याच्यावर पुन्ना मूठ घालावी लागंल.”

“बरं, वेगळी पुडी बांधा. वर छापू: ‘मोफत’. लोकांना आवडतं मोफत.”

आता मात्र बायडाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मोफत? आरं, देवाच्या दारात बसलेल्याला घालत्यात त्ये मोफत! मी काय भीक घालतीया त्यास्नी? त्ये माज्या घरचं जेवत्यात, म्हनून वर घालते. आफर न्हाई ही, आदेशभाऊ. तुज्या सायबाला सांग.”

आदेशच्या आधी बोलली ती सखूबाई. इतका वेळ ती भिंतीला टेकून ऐकत होती.

“बायडे, पुरं कर आता,” ती म्हणाली. “तुजी मूठ, तुजी शीग. पर गिरनीचं कर्ज समद्यांच्या नावावर हाय. कंपनी गेली तर पुन्ना त्याच बाजारात, त्याच मानसांच्या म्होरं हात पसरायचा. माज्या सुनंला आत्ता कुठं वाडीत काम मिळालंय. न्हाईतर ऊसतोडीच्या टोळीसंगं जायची ती. एका मुठीपायी पोरीला घालवू?”

सखूबाईचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते खोटं नव्हतं म्हणूनच ते बायडाबाईला जास्त झोंबलं. गटाने हात वर करून ठरवलं: वरची मूठ बंद. तिच्या बाजूने एकच हात वर गेला, तो तिचा स्वतःचा. मंगलने हात वर केला नाही, खाली बघत राहिली.

दुसऱ्या दिवशीपासून बाया काट्याबरहुकूम भरू लागल्या. गिरणीत बोलणंचालणं कमी झालं. पूर्वी मूठ सोडताना कुणी काही बडबडायची, ‘खा बाई पोटभर’ असं काहीबाही, ते बंद झालं. आणि बायडाबाई? तिने आकडा पुरा केला, ढिगात हात घातला आणि मूठ सोडली. एकदा सखूबाईच्या डोळ्यांत बघून सोडली.

मंचरहून तिच्या तेवढ्या पिशव्या परत आल्या. तिने टेम्पोवाल्याला त्याच पिशव्या, तशाच, पुन्हा खाली न्यायला लावल्या. त्या पुन्हा परत आल्या. ती पुन्हा धाडणार होती. “आत्या, ते मिशीन हाय, त्याला लाज वाटत नसती,” मंगल कळवळून म्हणाली. “तुमी कितीदा बी धाडा.”

“मिशीनला नसंल. मिशीन लावनाऱ्याला असंल.”

त्यालाही नव्हती. कंपनीने उंबरवाडीचं सगळं खातंच बंद केलं. एकटीचं नाही, गटाचं. गिरणीत तयार पिशव्यांची थप्पी लागली आणि गिरणीचा पट्टा थांबला. सखूबाईने बायडाबाईशी बोलणं टाकलं. पाणवठ्यावर ती समोरून आली तरी मान वळवून जायची. घरी सावळेराम, जन्मात न बोलणारा माणूस, जेवताना म्हणाला, “आपल्यापायी लोकांची चूल इझायला नगं.” बायडाबाईने ताट सारून दिलं. ती रडली नाही, पण त्या दिवशी तिला पहिल्यांदा भीती वाटली. बाजारात मीठ उपडं केलं तेव्हा आळणी खाल्लं ते आपल्या घराने. इथं तिने दुसऱ्याच्या घरातलं मीठ उपडं केलं होतं.

तिने रात्र तळमळून काढली असेल, पण सकाळी उठली ती मंगलला हाक मारत. “त्यो मोबाइल घे. माजा फोटो काढ, बोलता.”

“व्हिडिओ?”

“त्योच.”

व्हिडिओत बायडाबाई गिरणीच्या दारात उभी आहे. केस विंचरलेले नाहीत, पदरावर कोंडा आहे. मागं थप्पी दिसते. तिने ना नमस्कार केला, ना नाव सांगितलं.

“पिशवीवर लिवलंय तेवढं तुमचं,” ती म्हणाली. “ते काट्यावर घाला, दहांदा घाला. त्यात दाना कमी निघाला तर माज्या दारात या, तोंडावर पिशवी मारा. पर वरची मूठ माजी हाय. ती तुमच्या पैशाची न्हाई. ती मोजायची न्हाई. शेजाऱ्याला किती आली ते इचारायचं न्हाई. माजा हात एक दिस मोठा, एक दिस बारका. कंपनीनं आमचं दुकान बंद केलं, ह्या मुठीपायी. म्या मूठ बंद करनार न्हाई. ज्याला मुठीचा हिशेब पायजे त्यानं माजा तांदूळ खाऊ नये. ज्याला नगं त्यानं फोन करावा.”

आणि मंगलने खाली गटाचा नंबर टाकला. सासूला न विचारता टाकला. हात वर न केल्याची तिची भरपाई असेल ती.

गिऱ्हाइकाला असं खडसावून कुणी माल विकतं का? विकायला आलेला माणूस गोड बोलतो, ही जगाची रीत. ही बाई तर दारातूनच हाकलत होती. आदेशचा फोन त्याच दिवशी आला. व्हिडिओ फार पसरलाय, तो काढा. साहेब म्हणतात, काढला तर खातं पुन्हा सुरू करू. बायडाबाईने सगळं ऐकून घेतलं.

“मूठ घालायची का न्हाई, ते सांग.”

“ते नाही मावशी. ते मशीनच घेत नाही.”

“मग ऱ्हाऊ दे.”

फोन ठेवण्याआधी आदेश हळू आवाजात म्हणाला, “मावशी, आमच्या घरी मात्र धाडा. आजीला.” तिने फोन ठेवला, पण दोन पिशव्या अवसरीला गेल्या.

फोन आले. लोंढा आला असं म्हणणार नाही, उगाच खोटं कशाला. कितीतरी लोकांनी शिव्या घातल्या, ‘माजलेत’ म्हणाले. पण अश्विनीने आपल्या सोसायटीतल्या बायकांचा व्हॉट्सॲपवर गट केला आणि थप्पीतल्या बऱ्याच पिशव्या एकदमच मागवल्या. तिच्या ओळखीतून आणखी काही जणी आल्या. पैसे फोनवर यायचे, तांदूळ मंचरच्या एसटीतून आणि पुढे कुणाच्या तरी टेम्पोतून जायचा, रिकाम्या पिशव्या त्याच वाटेने परत यायच्या. ॲप नव्हतं, तारे नव्हते, आकडे नव्हते. मोबाइल होता आणि त्यात माणसांचे आवाज होते. कंपनीच्या काळात जेवढा तांदूळ जायचा तेवढा काही जात नव्हता. सखूबाईची सून त्या हंगामात टोळीसोबत गेली नाही, पण पुढच्या हंगामाचं कुणी सांगावं!

सखूबाई एका दुपारी गिरणीत आली. आली ती थेट काट्यासमोर बसली. पिशवी भरली, आकडा पुरा केला आणि ढिगाकडे हात नेऊन थांबली.

“माजी मूठ बारकीच हाय,” ती बायडाबाईकडे न बघता म्हणाली. “तुज्याएवढी न्हाई यायची.”

“तुला मोठी घाल म्हनलं कुनी?”

सखूबाईने मूठ सोडली. दोघींचं भांडण मिटलं असं काही नव्हतं. पण पिशव्या भरायच्या होत्या.

तेवढ्यात मोबाइल वाजला. मंगलने उचलला, आवाज ऐकला आणि तिचा चेहरा उतरला. मोबाइल छातीशी धरून ती कुजबुजली, “आत्या, ते पिंपरीचे. काट्यावाले. सोपानराव.” बायडाबाईने मान हलवून खूण केली तसा तिने आवाज मोठा करून मोबाइल पोत्यावर ठेवला.

सोपानरावांनी सरळ सुरुवात केली. दोन-तीन दुकानांतला तांदूळ आणून पाहिला, घरात कुणाच्या घशाखाली उतरत नाही. बायको रोज जेवताना बोलते. “तेव्हा मला घ्यायचाय तुमचाच. पण एक स्पष्ट सांगा. ते वरचं जे घालता, ते सगळ्यांना सारखं घालणार का?”

“न्हाई.”

“का नाही?”

“हात हाय वो पावनं. साचा न्हाई.”

“मग मला काहीच नका घालू वर. लिहिलंय तेवढंच द्या. म्हणजे प्रश्नच मिटला.”

“मग तांदूळ बी न्हाई मिळायचा,” बायडाबाई म्हणाली. सखूबाईने कपाळावर हात मारला. एक गिऱ्हाईक चालत घरी आलं होतं आणि ही त्याला दार दाखवत होती.

“अहो बाई, असं कसं?” सोपानरावांचा आवाज चढला. “उद्या तुम्ही माझ्यावरचा राग धरून मला कमी घातलंत, शेजाऱ्याला जास्त घातलंत, तर मला कळणार कसं?”

“न्हाईच कळनार.”

“म्हणजे?”

“म्हंजी न्हाईच कळनार, पावनं. काट्यावर घातलं तरी न्हाई कळनार. माज्या मनात काय व्हतं ते काटा सांगत न्हाई. ठेवायचा तर इश्वास ठेवा. ठेवायचा नसंल तर पिंपरीत दुकानं लई हायती.”

मंगलला वाटलं, फोन कट झाला. तिने वाकून पाहिलं. फोन चालूच होता. लांब कुठंतरी कुकरची शिट्टी झाली, गाडीचा हॉर्न वाजला. गिरणीतल्या सगळ्या बायांचे हात थांबले होते.

मग सोपानराव बोलले, आणि आता त्यांचा आवाज कारखान्यातला नव्हता, बोरीच्या पारावरचा होता. “बरं मग. धाडा दोन पिशव्या,” ते म्हणाले. “आनि बाई, मूठ जरा दाबून भरा.”

“ते बी तुमी सांगायचं न्हाई,” बायडाबाई म्हणाली.